उंदराच्या मूत्रपिंडातले बिऱ्हाड

उंदराला काहीच झालेले नसते. तो खातो, पळतो, पिल्ले घालतो, मांजराला चकवतो. पण त्याच्या मूत्रपिंडाचा पातळ काप चांदीच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तिथल्या बारीक नलिकांच्या आतल्या बाजूला काळे, वळणावळणाचे तंतू दाटीवाटीने चिकटलेले दिसतात. हे लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू. त्यांनी मूत्रपिंडात एकदा बिऱ्हाड थाटले की बहुधा उंदीर जिवंत असेपर्यंत ते तिथून हलत नाहीत. उंदीर मुततो तेव्हा त्यांतले लाखो बाहेर पडतात. उंदराला मात्र ताप नाही, अशक्तपणा नाही, कसली तक्रार नाही.

हेच जिवाणू जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी गुडघाभर पाण्यातून घरी चालत आलेल्या तरुणाच्या अंगात शिरतात. आठ-दहा दिवसांनी त्याला थंडी वाजून ताप भरतो, डोके ठणकते, पोटऱ्यांना हात लावू देत नाही, डोळे लालबुंद होतात. बहुतेकांचा ताप आठवडाभरात उतरतो आणि आपल्याला काय झाले होते हे त्यांना कधी कळतही नाही. काहींचे डोळे मात्र पिवळे पडतात, लघवी कमी होते, खोकल्यातून रक्त येते. मग अतिदक्षता विभाग, डायलिसिस आणि दाराबाहेर ताटकळणारे नातेवाईक.

जिवाणू एकच. एका शरीराला त्याचा पत्ताही लागत नाही आणि दुसरे शरीर त्याच्यापायी मरणाच्या दारात जाते. हा फरक कुठून येतो ते समजले, तर संसर्गजन्य रोगांचे निम्मे शास्त्र समजले असे मला वाटते. म्हणूनच या प्रकरणासाठी मी क्षय, पटकी, देवी हे नावाजलेले रोग बाजूला ठेवले आणि दर पावसाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येणारा लेप्टो निवडला.

आपल्याला शाळेत जंतू भेटतात ते शत्रू म्हणून, आणि साबणाच्या जाहिराती तो समज पक्का करतात. प्रत्यक्षात बहुसंख्य सूक्ष्मजीवांना माणसाशी काही देणेघेणे नसते. ते मातीत पालापाचोळा कुजवतात, समुद्रात प्राणवायू तयार करतात, दुधाचे दही लावतात. आपल्या शरीरात आपल्या स्वतःच्या पेशी जितक्या आहेत, जवळपास तितकेच जिवाणू राहतात. त्यांतले बरेचसे मोठ्या आतड्यात असतात आणि त्यांच्यावाचून आपले चालणारही नाही. माणसाला आजारी पाडू शकणाऱ्या जातींची २००१ साली मोजदाद झाली, तेव्हा जिवाणू, विषाणू, बुरशी, आदिजीव आणि जंत हे सगळे धरून आकडा सुमारे १४०० भरला. त्यांतल्या साठ टक्के जाती प्राण्यांकडून माणसात येऊ शकणाऱ्या होत्या. पृथ्वीवरच्या सूक्ष्मजीवांच्या पसाऱ्यात १४०० म्हणजे अगदीच मूठभर.

या मूठभरांतही जात ओळखणे महत्त्वाचे असते. जिवाणू ही स्वतंत्र, स्वतःचे पोट स्वतः भरणारी एक पेशी असते. तिची भिंत आणि तिची प्रथिने बनवणारी यंत्रणा आपल्या पेशींहून वेगळी असते, म्हणून आपल्याला धक्का न लावता तिला मारणारी प्रतिजैविके सापडली. विषाणूकडे स्वतःची अशी यंत्रणाच नसते. तो आपल्या पेशीत शिरून तिच्याकडूनच स्वतःच्या प्रती काढून घेतो, आणि म्हणून पेनिसिलीन त्याचे काही बिघडवू शकत नाही. मलेरियाचा परजीवी आदिजीव आहे, त्याची औषधे आणखी निराळी. ही वर्गवारी परीक्षेपुरती नाही. ऑगस्टमध्ये एकाच वस्तीत, एकाच दिवशी तापाने फणफणलेल्या तिघांपैकी एकाला डेंग्यू असतो, दुसऱ्याला मलेरिया आणि तिसऱ्याला लेप्टो. म्हणजे एक विषाणू, एक आदिजीव, एक जिवाणू. लक्षणे पहिले तीन दिवस सारखीच, उपचार तीन वेगवेगळे.

लेप्टोचा जिवाणू दिसायला देखणा आहे. मळसूत्रासारखा पीळ आणि दोन्ही टोकांना बाक. लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, जाडी मात्र इतकी कमी की नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाच्या उजेडात तो दिसतच नाही. त्यासाठी काळ्या पार्श्वभूमीचा सूक्ष्मदर्शक लागतो; त्यात प्रकाश बाजूने येतो आणि जिवाणू तेवढा उजळतो. अंधाऱ्या क्षेत्रात चंदेरी रेघा स्वतःभोवती गरगर फिरत पुढे सरकतात, मध्येच थांबतात, मध्येच दिशा बदलतात. त्यांना हलवणारे तंतू इतर जिवाणूंसारखे अंगाबाहेर लोंबत नाहीत, ते बाहेरच्या आवरणाच्या आत गुंडाळलेले असतात. त्यामुळे दाट, चिकट द्रवातूनही हा जिवाणू वाट काढत जातो. शरीरातल्या ऊतींमधून शिरण्यासाठी याहून सोयीची चाल नाही.

त्याच्या शोधाची कथा मी नेहमी सविस्तर सांगतो, कारण एखादा जंतू एखाद्या रोगाचे कारण आहे हे सिद्ध करणे किती कठीण असते ते तिच्यातून कळते.

१८८६ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या आडोल्फ वाइल या वैद्याने चार रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. ताप, कावीळ, सुजलेली प्लीहा आणि बिघडलेली मूत्रपिंडे असा त्यांचा आजार होता. कारण माहीत नव्हते, पण तेव्हापासून या तीव्र स्वरूपाला वाइलचा रोग म्हणतात. १९०७ साली अमेरिकेत आर्थर स्टिमसन यांनी एका मृत रुग्णाच्या मूत्रपिंडात टोकाला बाक असलेले जिवाणू पाहिले. आकार प्रश्नचिन्हासारखा, म्हणून त्यांनी ‘इंटेरोगन्स’ हे नाव दिले आणि ते आजही टिकून आहे. हा रुग्ण पीतज्वराने गेला अशी समजूत होती. ही समजूत पुढे किती महागात पडली ते येईलच.

रोग आणि जंतू यांची गाठ घातली ती जपानमध्ये. क्यूशू बेटावरच्या कोळशाच्या खाणींत कामगारांना ताप आणि कावीळ होत असे. र्‍युकिची इनाडा आणि युताका इडो यांनी अशा रुग्णांचे रक्त गिनीपिगना टोचले. गिनीपिग पिवळे पडून मेले आणि त्यांच्या यकृतात हे मळसूत्री जिवाणू सापडले. रॉबर्ट कॉख यांनी घालून दिलेली कसोटी अशी होती: जंतू रुग्णात सापडला पाहिजे, तो वेगळा वाढवता आला पाहिजे, निरोगी प्राण्याला दिल्यावर तोच रोग झाला पाहिजे आणि त्या प्राण्यातून तोच जंतू परत मिळाला पाहिजे. १९१५-१६ मध्ये इनाडा आणि इडो या कसोटीला उतरले. पुढे त्यांच्याच गटाने उंदरांची मूत्रपिंडे तपासली आणि हा जिवाणू तिथे मुक्कामाला असतो हे दाखवून दिले. त्याच सुमारास युरोपात पहिले महायुद्ध चालू होते. फ्लँडर्सच्या चिखलाने भरलेल्या, उंदरांनी बुजबुजलेल्या खंदकांत सैनिकांना हाच रोग होत होता. खाण आणि खंदक यांत साम्य एवढेच, की दोन्हीकडे ओल, उंदीर आणि सोललेल्या कातडीची माणसे एकत्र आली होती.

आता पीतज्वराकडे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधले हिदेयो नोगुची हे त्या काळातले नामवंत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. ‘लेप्टोस्पायरा’ हे नाव त्यांनीच दिले. १९१८ साली ते इक्वाडोरमधल्या ग्वायाकिल शहरात पीतज्वराचे कारण शोधायला गेले. रुग्णांच्या रक्तातून त्यांना लेप्टोस्पायरा मिळाला, गिनीपिगना तो टोचल्यावर कावीळ झाली, जंतू परत मिळाला. कॉखची कसोटी कागदावर तरी पूर्ण झाली. नोगुचींनी पीतज्वराचा जंतू सापडल्याचे जाहीर केले आणि त्यावर लसही तयार झाली, ती वर्षानुवर्षे टोचली गेली. चूक सुरुवातीलाच होती. ज्यांचे रक्त घेतले त्यांतले काही पीतज्वराचे रुग्ण नव्हतेच, त्यांना वाइलचा रोग होता. ताप आणि कावीळ दोन्हींत सारखीच. १९२६ साली मॅक्स थायलर आणि अँड्र्यू सेलर्ड्स यांनी नोगुचींचा जिवाणू आणि वाइलच्या रोगाचा जिवाणू यांत फरक नसल्याचे दाखवले. पीतज्वर विषाणूमुळे होतो हे १९२७ मध्ये आफ्रिकेतल्या प्रयोगांत स्पष्ट झाले. ते प्रयोग करणारे एड्रियन स्टोक्स त्याच पीतज्वराने गेले. आपले म्हणणे पडताळून पाहायला नोगुची स्वतः आफ्रिकेत आक्रा येथे गेले आणि २१ मे १९२८ रोजी तेही पीतज्वराने तिथेच मरण पावले. स्टोक्स महायुद्धाच्या काळात फ्लँडर्समध्ये वाइलच्या रोगावरच काम करत होते. या दोघांच्या मृत्यूबद्दल वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होते. प्रयोगशाळेतली प्रत्येक पायरी काटेकोर असूनही रुग्णाच्या खाटेशी केलेले निदान चुकले, तर वरची सगळी इमारत चुकीच्या जागी उभी राहते.

उंदीर म्हटले की मराठी वाचकाला आधी प्लेग आठवतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला आणि पुढची काही दशके महाराष्ट्राने त्याच्या सावलीत काढली. प्लेगचा जिवाणूही उंदरातच राहतो, पण त्याचा उंदराशी संबंध अगदी वेगळा आहे. प्लेग पिसवेमार्फत फिरतो. पिसू पिते ते रक्त थेंबभरही नसते, तेवढ्यात जिवाणू मिळायचे तर उंदराचे रक्त जिवाणूंनी खच्चून भरलेले असावे लागते. असा उंदीर जगत नाही. तो मरून थंड पडला की पिसवा त्याला सोडून दुसरे ऊबदार शरीर शोधतात. म्हणून प्लेगमध्ये माणसे आजारी पडण्याआधी उंदीर पडत. घरात उंदीर पडला की गावकरी घरे सोडून शिवारात झोपड्या घालून राहत, आणि तो शहाणपणा खरोखर जीव वाचवणारा होता.

लेप्टोत ही सूचना मिळत नाही. इथे जिवाणूचा प्रवास उंदराच्या लघवीतून होतो. त्याला रक्तात गर्दी करण्याची गरज नाही, उंदीर जितका जास्त जगेल आणि फिरेल तितके बरे. हजारो पिढ्यांच्या सहवासात दोघांचे जुळून गेले आहे. उंदराची प्रतिकारशक्ती रक्तातले जिवाणू हटवते, मूत्रपिंडाच्या नलिकेतले राहू देते. जंतूने यजमानाला मारणे किंवा न मारणे हे त्याच्या प्रवासाच्या रस्त्यावरून ठरते, असे या दोन रोगांकडे एकत्र पाहिल्यावर लक्षात येते. कुठलाही नवा रोग कानावर आला की मी पहिला प्रश्न तोच विचारतो: हा एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो कसा?

लेप्टोचा रस्ता पाण्यातून आणि ओल्या मातीतून जातो. वाळला की हा जिवाणू लगेच मरतो. कडक ऊन, साबण, क्लोरीन यांपुढेही तो टिकत नाही. पण कोमट, साचलेले, फारसे आंबट नसलेले पाणी आणि भिजलेली माती मिळाली तर तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. उन्हाळाभर उंदीर गटाराच्या कडेला, कचऱ्याच्या ढिगात, गोठ्यात, धान्याच्या कोठाराशी मुतत असतात, पण ती जागा वाळून जाते. पावसाळ्यात ती वाळत नाही. उलट पाणी बिळांत शिरते, उंदरांना बाहेर काढते, त्यांची लघवी पातळ करून चारी दिशांना पसरवते आणि माणसाला त्यातून चालायला लावते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईत लाखो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून तासन्‌तास चालली आणि त्यानंतरच्या आठवड्यांत शहराची रुग्णालये लेप्टोच्या रुग्णांनी भरली. पाणी ओसरले, रस्ते धुतले गेले, लोक कामावर रुजू झाले, आणि मग ताप यायला लागले. लागण आणि आजार यांच्यात बहुधा पाच ते चौदा दिवसांचे अंतर असते, कधी दोन दिवस तर कधी महिनाही. संसर्गाच्या अभ्यासात हे अंतर फार मोलाचे आहे, कारण आज तापलेल्या माणसाला आजच्या नव्हे, गेल्या पंधरवड्यातल्या दिवसांबद्दल विचारावे लागते.

शिरायला दार लागते. धडधाकट, कोरड्या त्वचेतून हा जिवाणू सहसा आत जात नाही. पण पावसाळ्यात धडधाकट पाय कुणाचे असतात? बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात, टाचेला भेगा असतात, बुटाने कुठे कातडी सोललेली असते, आणि पाण्यात दोन तास राहिलेली त्वचा पांढरी, सुरकुतलेली, मऊ झालेली असते. यातली कुठलीही जागा पुरते. डोळ्याचे, नाकाचे, तोंडाचे ओलसर अस्तरही चालते. म्हणून गाडी पाणी उडवून गेली आणि ते डोळ्यात गेले, तर तेही लागणीचे निमित्त होऊ शकते. कोकणात लावणीच्या दिवसांत टाचेच्या भेगांना भिरंडेल चोळतात. त्याने लेप्टो टळतो असे मी म्हणणार नाही, पण भेग ही किरकोळ गोष्ट नाही हे त्या बायाबापड्यांना नीट कळलेले असते.

आत गेल्यावर जिवाणू काही वेळातच रक्तात पोहोचतो. आपल्या प्रतिकारशक्तीच्या पहिल्या फळीतल्या पेशींवर टीएलआर-४ नावाचा एक ग्राही असतो. बऱ्याच जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात मेद आणि शर्करा यांचा बनलेला एक रेणू असतो. तो या ग्राहीला लागला की शरीरभर धोक्याची सूचना जाते. लेप्टोस्पायराच्या आवरणात हा रेणू आहे, पण त्याची घडण थोडी निराळी आहे. प्रयोगशाळेतल्या लहान उंदरांचा टीएलआर-४ त्याला ओळखतो, माणसाचा ओळखत नाही. उंदीर निवांत का आणि माणूस आजारी का, याच्या अनेक कारणांतले हे एक. शिवाय हा जिवाणू माणसाच्या रक्तातली काही प्रथिने स्वतःच्या अंगावर चिकटवून घेतो. ही प्रथिने एरवी आपल्याच पेशींना रक्तातल्या मारक प्रथिनांपासून जपण्यासाठी असतात, त्यांचा फायदा याला मिळतो. पहिला आठवडा असा त्याच्या बाजूचा जातो.

तो सगळीकडे पोहोचतो, पण मुख्य घाव बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर पडतो. अस्तर गळके झाले की जिथे जिथे दाट रक्तवाहिन्या, तिथे तिथे परिणाम दिसतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त साकळते, डोळा लाल होतो, पण त्यात ना पू असतो ना चिपडे. डोळे आल्याचा लाल डोळा आणि लेप्टोचा लाल डोळा यांतला फरक कसलेला डॉक्टर एका नजरेत ओळखतो. पोटरीचे स्नायू इतके दुखतात की हलके दाबले तरी माणूस पाय ओढून घेतो. यकृतात पेशीपेशींमधले सांधे सैल होतात, पित्त रक्तात उतरते आणि कावीळ दिसते. मूत्रपिंड हे तर जिवाणूचे आवडते ठिकाण. तिथल्या नलिका सुजल्या की लघवीचे गणित बिघडते. सर्वांत घातक प्रकार फुफ्फुसांचा. आतल्या आत रक्तस्राव होतो, दम लागतो, आणि हे काही तासांत घडू शकते. अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावतात. दिलासा एवढाच, की जो यातून उठतो त्याची मूत्रपिंडे आणि यकृत बहुधा पूर्ववत होतात.

पण लागण झालेल्यांत असे तीव्र रुग्ण दहांत एखादाच, बहुधा त्याहूनही कमी. बाकीच्यांना सर्दीतापासारखा ताप येतो किंवा काहीच होत नाही. जंतूशी गाठ पडणे, लागण होणे आणि आजार होणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. किती जिवाणू शिरले, कोणत्या वाणाचे शिरले (आणि यांचे वाण तीनशेच्या आसपास आहेत), शरीराची अवस्था काय, उपचार केव्हा सुरू झाले, यांवर माणूस कोणत्या पायरीवर थांबतो ते ठरते. रुग्णालयात दिसतात ते शेवटच्या पायरीवरचे. त्यांच्यावरूनच रोगाचे मोजमाप केले तर रोग आहे त्याहून विरळा आणि आहे त्याहून भयंकर वाटतो.

दुसऱ्या आठवड्यात शरीर प्रतिपिंड तयार करते आणि रक्तातले जिवाणू नाहीसे होतात. इथेच तपासणीतली मेख आहे. ताप आल्यावर तिसऱ्या दिवशी केलेली प्रतिपिंडांची चाचणी नकारात्मक येणे स्वाभाविक आहे, कारण प्रतिपिंड अजून तयारच झालेले नसतात. त्या दिवसांत रक्तात जिवाणूचे डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी उपयोगी पडते. आठवडा उलटल्यावर गणित उलटे होते. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहणे ही खात्रीची पद्धत, पण तो इतका मंद वाढतो की कित्येक आठवडे जातात, आणि तोवर रुग्ण एक तर घरी गेलेला असतो किंवा जगात नसतो. म्हणून चाचणीच्या कागदाची वाट न पाहता संशयावरून औषध सुरू करणे हाच इथला रास्त मार्ग. पेनिसिलीन, डॉक्सिसायक्लीन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ही जुनी, परिचित औषधे अजूनही चालतात. डॉक्टरला संशय यावा यासाठी रुग्णाने एक वाक्य बोलणे पुरेसे असते: दहा दिवसांपूर्वी मी तुंबलेल्या पाण्यातून चाललो होतो. हे वाक्य बहुतेक जण बोलत नाहीत, कारण आपल्या तापाचा त्या संध्याकाळशी संबंध असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नसते. आणि अशा तापात अंगदुखीसाठी मनाने डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या घेऊ नयेत. आधीच संकटात असलेल्या मूत्रपिंडांवर त्या आणखी ताण आणतात.

सिंधुदुर्गात तर निदान आणखी अवघड. तिथे भातशेती आहे, गुरे आहेत, रान आहे. एका तापाच्या मागे लेप्टो असू शकतो, डेंग्यू, मलेरिया किंवा स्क्रब टायफस असू शकतो. दोडामार्ग-बांदा भागात आणि शेजारच्या गोव्यातल्या सत्तरीत गोचिडांमार्फत येणारा माकडतापही आढळला आहे. चिखलणी आणि लावणी करणारी माणसे दिवसभर अनवाणी चिखलात असतात. गमबूट घाला असे सांगणाऱ्याने एकदा तो घालून भाताच्या खाचरात चार पावले टाकून पाहावीत. पाय वर येतो आणि बूट चिखलातच रुतून राहतो. शिवाय खाचरातला जिवाणू उंदराचाच असेल असे नाही. गाय, म्हैस, डुक्कर, कुत्रा यांच्यातही लेप्टोस्पायराचे निरनिराळे वाण राहतात.

माणसाकडून माणसाला मात्र लेप्टो जवळपास होतच नाही. गोवराचा एक रुग्ण, कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत, सरासरी बारा ते अठरा जणांना लागण देतो. त्याची साथ माणसांच्या साखळीने पुढे जाते आणि लसीकरणाने किंवा विलगीकरणाने ती साखळी तुटते. लेप्टोत अशी साखळीच नाही. शंभर रुग्ण एकाच पाण्यातून स्वतंत्रपणे आजारी पडलेले असतात. रुग्णाजवळ बसायला, त्याचे ताट धुवायला घाबरण्याचे कारण नाही. जिवाणूच्या दृष्टीने माणूस हा रस्त्याचा शेवट. आपल्या शरीरातून पुढच्या उंदरापर्यंत पोहोचण्याची त्याला जवळजवळ संधीच नसते. त्याची वंशावळ आपल्याला वगळून उंदराकडून उंदराकडे चालू राहते. म्हणून एखाद्या शहरातले सगळे रुग्ण बरे केले, तरी पुढच्या पावसाळ्यात रोग तितकाच येतो.

म्हणजे रोखायचा तो शरीराबाहेर. मुंबई महापालिकेचे मूषक संहारक रात्री काठी आणि विजेरी घेऊन गल्लीबोळांत उंदीर मारत फिरतात. हे काम कष्टाचे आणि तितकेच दुर्लक्षित. पण उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, आणि वस्तीत उंदीर किती राहणार हे शेवटी तिथे खायला किती पडले आहे यावर ठरते. हॉटेलच्या मागच्या दाराशी रात्रभर उघडे पडलेले खरकटे, बाजार उठल्यावर राहिलेला भाजीपाला, न उचललेला कचरा. काठीने मारलेल्यांची जागा काही आठवड्यांत याच अन्नावर भरून निघते.

ज्यांना पाण्यात उतरण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांच्यासाठी गोळी आहे. पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकन सैनिकांवरचा प्रयोग १९८४ साली प्रसिद्ध झाला. काहींना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लीन दिले, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. दुसऱ्या गटात २० जणांना लेप्टो झाला, पहिल्या गटात एकाला. त्यानंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष इतके ठळक नाहीत, तरी पूर आल्यावर याच आधारावर औषध दिले जाते. केरळने २०१८ च्या महापुरात ते मोठ्या प्रमाणावर वाटले, आणि मुंबईत पाणी तुंबल्यावर महापालिका ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जाण्याचे आवाहन करते. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालची मुले यांना हे औषध चालत नाही, त्यांच्यासाठी वेगळे असते. म्हणून दुकानातून परस्पर घेण्याची ही गोळी नाही. घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन, बेचक्यांसकट कोरडे करणे हे मात्र कुणालाही विचारल्यावाचून करता येते.

लसीचे काय, हा प्रश्न नेहमी येतो. वाण इतके आणि एका वाणाची लस दुसऱ्यावर फारशी चालत नाही, ही अडचण आहे. क्यूबा, चीन आणि फ्रान्समध्ये विशिष्ट वाणांवर माणसांसाठी लसी वापरल्या गेल्या आहेत. भारतात कामगारांना देण्याजोगी लस नाही. पाळीव कुत्र्यांना मात्र वर्षानुवर्षे ही लस टोचली जाते, मुंबईत कुठल्याही पशुवैद्याकडे मिळते. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराला आज मिळू शकतात ते बूट, हातमोजे, काम संपल्यावर धुवायला स्वच्छ पाणी आणि साबण, आणि ताप येताच त्याच दिवशी तपासणी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नव्या संशोधनाची गरज नाही. कंत्राटी पद्धतीत या साध्या गोष्टी पुरवण्याची जबाबदारी नेमकी कुणाची, हेच पुष्कळदा ठरलेले नसते. ते कंत्राटाच्या कागदावर लिहून घेतले पाहिजे, आणि पहिल्या पावसाच्या आधी.